सखारामचा रुंद पात्याचा चाकू

चाकू विकणाऱ्याला चाकूतलं सगळं कळतं, असा लोकांचा समज असतो. माझाही होता, धंद्यात पडेपर्यंत. जन्मभर परभणी जिल्ह्यातल्या बाजारांतून मी मिटते चाकू विकले. पण आजही कुणी समोर बसून विचारलं, "काका, रोजच्या कामाला जवळ ठेवायला जरा मोठा चाकू घ्यायचाय, कुठला घेऊ?" की मी आधी त्याच्या तोंडाकडं बघत बसतो. त्याला वाटतं म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. ऐकू येतं, उत्तर येत नाही. एका माणसानं मोठा चाकू का निवडला, याची साक्ष द्यायला मला एकदा पंचांपुढं उभं राहावं लागलं होतं, आणि त्या माणसाची अब्रू माझ्या एका वाक्यावर टांगलेली होती. तेव्हापासून हा प्रश्न मला सोपा वाटेनासा झाला आहे.

गोष्ट निजामी राज्यातली, दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची. दुकान परभणीत मोंढ्याजवळ, धान्यबाजाराला लागून होतं, पण ते मालकाचं. मी त्यांचा बाजारचा माणूस. म्हणजे वालूरपासून गंगाखेडपर्यंत जिथं बाजार भरेल तिथं पत्र्याची पेटी घेऊन जायचं, तरट अंथरायचं, त्यावर अडकित्ते, कात्र्या, कुलपं, वस्तरे आणि चाकू मांडायचे आणि मध्ये आपण बसायचं. कचेरीचा कागद उर्दूत, शेतकऱ्याची बोली मराठीत, त्यामुळे घासाघीस दोन्ही भाषांत करावी लागे आणि दोन्हीत माझीच हार होई.

मिटता चाकू दिसायला साधा. एक पातं, एक मूठ, मुठीच्या पाठीत एक पोलादी कमान आणि हे सगळं धरून ठेवणारा एक खिळा. उघडलं की कमानीनं पातं ताठ धरायचं, मिटलं की मुठीत दाबून ठेवायचं. सगळा जीव त्या खिळ्यात. तो फार घट्ट असला तर पातं उघडताना नख मोडतं, सैल असला तर पातं नको तेव्हा बोटांवर मिटतं. लहान चाकूत एवढं तेवढं निभावून जातं. मोठ्या चाकूत निभावत नाही, कारण माणूस जोर मोठा लावतो. शिवाय मोठा चाकू खिशाचं अस्तर फाडतो, कमरेला ओढ लावतो, मांडी घालून बसलं की रुततो. लहान चाकू मात्र जवळ आहे की नाही हेच आठवत नाही, आणि बाभळीची फांदी समोर आली की तो असून नसल्यासारखा. म्हणून मोठा चाकू मागणाऱ्याला मी दोन प्रश्न विचारायचो: ठेवणार कुठं, आणि कापणार काय. पहिल्याचं उत्तर खरं मिळे. दुसऱ्याचं बहुतेक वेळा अर्धंच मिळे, आणि उरलेलं अर्धं काय असेल ते मला कधी ओळखता आलं नाही.

कचेरीतले एक पेशकार माझ्याकडं आले. काम काय, तर बोरू तासायचे. बोरूला बोटाएवढा चाकू पुरतो, तसे मी दोन-तीन दाखवले. त्यांनी ते बाजूला सारले आणि सगळ्यांत दांडगा उचलला. म्हणाले, "पक्षकार समोर उभा असतो. लहान चाकूनं बोरू तासला तर तो बोलतच बसतो." मला तेव्हा हसू आवरेना, पण पुढं एका कामासाठी मी स्वतः त्यांच्या मेजासमोर उभा राहिलो आणि खरंच दोन वाक्यांत आटोपलं.

गंगाखेडला एक आजोबा होते. त्यांना चाकू मोठा दिसायला हवा होता, पण तो कापायला नको होता. "रानातनं जाताना मानसाजवळ काय तरी असावं," ते म्हणाले, "पण घरी नातवंडं लय. खिशात हात घालत्यात." मी बसून दगडावर त्या चाकूची धार मारून दिली. धार लावणारे पुष्कळ बघितले होते, धार मारायची वेळ पहिल्यांदाच आली. पुढच्या बाजाराला आजोबा तक्रार घेऊन हजर. म्हणाले, "असला कसला चाकू इकला हो, कैरी कापंना." मी त्यांना मागच्या बाजाराची आठवण दिली. ते म्हणाले, "त्ये लेकरांसाठी सांगितलं होतं. कैरीचं कुठं म्हणलो मी?" मी पुन्हा धार लावून दिली. असे एकेक.

सखाराम मात्र असा विचित्र वाटण्यासारखा माणूस नव्हता. तो वालूरच्या बाजूचा धनगर, चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा, खांद्यावर घोंगडं. दसऱ्याच्या आधीच्या एका बाजाराला तो आला आणि आपला जुना चाकू तरटावर ठेवला. घासून घासून त्याचं पातं पार दाभणासारखं अरुंद झालं होतं. म्हणाला, "ह्याच्याहून मोठा पाहिजे. रोज कमरंला ऱ्हानार हाय."

"कापणार काय?" मी विचारलं.

"समदंच की. बाभळीच्या शेंगा पाडायच्या, डहाळ्या तोडायच्या, मेंढरांची खुरं साळायची, दोरखंड, भाकरीसंगं कांदा."

त्यावेळी लढाईमुळं विलायती माल येईनासा झाला होता. माझ्याकडं मोठे म्हणावेत असे तीन प्रकार होते. एक हैदराबादकडचा, शिंगाच्या मुठीचा, लांब आणि देखणा. एक गावठी लोहाराचा, जड, पण खिळा पक्का. आणि तिसरा सिकंदराबादच्या छावणीतल्या जुन्या मालाच्या लिलावातून आलेला, काळ्या मुठीचा, आखूड पण अंगठ्यापेक्षाही रुंद पात्याचा. सखारामनं तिन्ही उघडले, मिटले, पुन्हा उघडले. बरोबर आणलेल्या बाभळीच्या काटकीवर चालवून बघितले. घोंगड्याच्या सुटलेल्या दशा कापल्या. मग टाचेची राठ कातडी सोलली. शेवटी तिन्ही नीट ओळीनं ठेवून काही न घेता निघून गेला.

पुढच्या बाजाराला तो बायकोला घेऊन आला. ती गयाबाई. ती मालाकडं पाठ करून जरा दूर उभी राहिली. सखाराम एकेक चाकू तिच्याकडं नेऊन दाखवायचा, ती मान हलवायची, तो परत आणून ठेवायचा. माझ्याशी ती एक अक्षर बोलली नाही. भाजीची बाजारहाट बायका करतात ती बघितली होती, पण नवऱ्याच्या कमरेचा चाकू बायकोनं नापसंत करावा हे मला नवीन होतं. मी म्हणालो, "वहिनी, काय पाहिजे ते सांगा तरी." ती नवऱ्याला म्हणाली, "त्यांना म्हणावं, तुमी इका." झालं. तोही बाजार तसाच गेला.

तिसऱ्या खेपेला तो एकटा आला आणि थेट छावणीचा चाकू उचलून उन्हात धरला. पात्यावर आडवं बोट ठेवून बघितलं आणि मला विचारलं, "ह्याच्यापेक्षा रुंद हाय का?"

मी गोंधळलो. गिऱ्हाईक लांब चाकू मागतं, धारदार मागतं, स्वस्त तर सगळेच मागतात. रुंद कुणी मागितलेला मला आठवत नव्हता. शेंगा पाडायला रुंदी कशाला? खुरं साळायला तर रुंद पातं अडचणीचंच. मी विचारलं, "रुंद कशासाठी?"

"असंच," तो म्हणाला.

त्याहून रुंद माझ्याकडं नव्हता. त्यानं तोच घेतला. मी चाकू मिटून तरटावर ठेवला, त्यानं उचलला. चाकू आम्ही कुणाच्या हातात देत नाही, भांडण लागतं म्हणतात. एवढी काळजी घेऊनही पुढं जे व्हायचं ते झालंच, म्हणून मी तेव्हापासून कुणाच्याही हातात देतो.

फाल्गुनात आमच्याकडं गारपीट झाली. त्यानंतर एका बाजाराला मी गंगाखेडात बसलो असताना तिघं धनगर समोर येऊन उभे राहिले. त्यांतला पुढचा तरणा गडी म्हणाला, "दसऱ्याच्या टायमाला वालूरला रुंद पात्याचा चाकू तुमीच इकला का?" मी हो म्हणालो. तो मारोती, पोखर्णीकडचा, गयाबाईचा धाकटा भाऊ. म्हणजे सखाराम त्याचा दाजी. त्यानं खाली बसून मला जे सांगितलं ते समजायला मला बराच वेळ लागला, आणि त्यानं ते दोनदा सांगितलं.

धनगरांत प्रत्येक घराची कोकरांच्या कानाला खूण असते. सखारामच्या घरची खूण म्हणजे डाव्या कानाच्या मधोमध चीर. कान लाकडावर ठेवायचा आणि चाकूचं टोक कानाच्या लांबीच्या रेषेत दाबून आरपार घालायचं. पात्याची जेवढी रुंदी तेवढी चीर, सदऱ्याच्या काजासारखी, दोन्हीकडून बंद. मारोतीच्या घरची खूणही डाव्याच कानाला, पण टोकाकडून उघडी, कानाचे दोन फाटे केलेले. आणि सखारामच्या घरची रीत अशी की खूण करायला वेगळं हत्यार घ्यायचं नाही. घरच्या कारभाऱ्याच्या कमरेला जो चाकू असेल त्यानंच दिवाळीच्या पाडव्याला त्या सालच्या कोकरांचे कान टोचायचे.

त्या पाडव्याला सखारामच्या कमरेला माझा रुंद चाकू होता. त्यानं पडलेली चीर इतकी लांब झाली की कानाच्या टोकाला जेमतेम एक पट्टी उरली. पुढं कोकरं बोरीबाभळींत शिरली, कान काट्यांत अडकले, पट्ट्या तुटल्या. बंद चिरेचे दोन फाटे झाले. म्हणजे सखारामच्या कोकरांवर आपोआप मारोतीची खूण उमटली.

एवढंही निभावलं असतं. पण गारपिटीच्या दुपारी मेव्हण्यादाजींचे दोन्ही कळप गोदाकाठच्या एकाच चिंचेच्या बनात पळाले आणि एकमेकांत मिसळले. मोठी मेंढरं जुन्या खुणांवरून निवडली गेली. त्या सालची कोकरं मात्र आईचं दूध सुटलेली, काळी, एका वयाची, आणि सगळ्यांचे डावे कान फाटलेले.

"त्यात दाजीची कोकरं हायत हे मला कबूल हाय," मारोती म्हणाला. "पण आमचे भावकीतले म्हणायलेत, दाजीनं मुद्दाम रुंद पातं घेतलं. कान फाटावं, आपली खूण आमच्यासारकी व्हावी, मंग कधी तरी कळप मिसळून आमची कोकरं वढावीत, असं. तुमी त्या दिशी समोर होता. त्येनं चाकू कसा निवडला, काय बोलला, तेवढं पंचापुढं येऊन सांगा. मपलं दुसरं काय म्हननं न्हाई."

 सखाराम काय बोलला होता ते मला चांगलं आठवत होतं. याच्यापेक्षा रुंद आहे का. आणि कशासाठी म्हणून विचारलं तर, असंच.

परभणीला येऊन मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "तू चाकू विकतोस, न्याय विकत नाहीस. आजारी आहे म्हणून सांग." सल्ला शहाणपणाचा होता. पंचांनी सखारामला दोषी धरलं असतं तर त्याच्या शेजारी कुणी कळप बसवला नसता, त्याच्या घरात मुलगी दिली नसती, त्याच्या घरची घेतली नसती. बायकोचं माहेर तुटलं असतं ते वेगळंच. एवढं सगळं माझ्या एका वाक्यानं व्हायचं असेल तर ते वाक्य परभणीतच ठेवलेलं बरं. रात्र मी अशीच काढली आणि सकाळी पोखर्णीची वाट धरली. का गेलो ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. थोडी भीती होती, की धनगर माझे गिऱ्हाईक आणि टाळलं तर बाजारात तोंड कसं दाखवू. पण खरं सांगायचं तर मला स्वतःला जाणून घ्यायचं होतं की त्यानं रुंद का मागितला. तीन बाजार त्या माणसानं माझ्यासमोर काढले होते आणि मला त्याच्या मनातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

पंच नरसिंहाच्या देवळापलीकडं लिंबाखाली बसले होते. कोकरं मध्ये जाळी लावून कोंडलेली, दोघांचे कळप पलीकडं बसवलेले. एका बाजूला मारोतीची भावकी, एका बाजूला सखाराम. तो वाळला होता. हिवाळाभर हिवतापानं अंथरुणाला खिळून होता आणि कोकरं गड्यानं सांभाळली, हे मला तिथं कळलं. बायका मागं, जराशा उंचवट्यावर. पंचांतले वडील रामा कारभारी, पांढऱ्या मिशांचे, जरा तापट.

धनगर आपलं प्रत्येक जनावर तोंडावरून ओळखतो असं मी ऐकून होतो. कारभाऱ्यांनी तेच केलं. एक कोकरू उचलायला लावलं आणि दोघांना विचारलं. सखाराम म्हणाला, "ही आमच्या बोरीची." मारोती म्हणाला, "ही चांदीची. हिची माय कपाळाला पांढरी." दुसरं उचललं. तेही दोघांनी ओळखलं. तिसरंही. दोघंही अगदी खात्रीनं सांगत होते, आणि तोंडावरून दोघांतला एकही खोटं बोलतोय असं दिसत नव्हतं. बघता बघता प्रत्येक कोकराला दोन दोन आया झाल्या. शेवटी मारोतीनं एकाच कोकराला थोड्या वेळानं दुसरंच नाव दिलं तेव्हा कारभारी म्हणाले, "बसा खाली दोघंबी. तुमाला काय वळकू येत न्हाई."

मग मला पुढं बोलावलं. नरसिंहाकडं हात करून खरं सांगीन म्हणायला लावलं.

मी सगळं सांगितलं. काटकी, घोंगडं, टाच, तीन बाजार. सांगत सांगत त्या वाक्यापाशी आलो आणि थांबलो. कारभारी म्हणाले, "चाकूवाले, पुढं."

"शेवटी त्यांनी विचारलं," मी म्हणालो, "याच्यापेक्षा रुंद आहे का."

"कशापायी म्हणून तुमी इचारलं का?"

"विचारलं. म्हणाले, असंच."

मारोतीच्या भावकीत एकदम गलका झाला. "बगा, बगा," म्हणत दोघं-तिघं उठले. सखारामनं मान खाली घातली. कारभाऱ्यांनी त्याला विचारलं, "सखाराम, हे बोलला व्हता का?" तो म्हणाला, "व्हय." "मंग रुंद कामून मागितला?" त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.   मला वाटलं, या माणसानं काहीतरी बोलावं, खोटं का होईना.

तेवढ्यात मागून गयाबाई उतरून आली. पंचात बाई बोलत नाही. ती पंचांकडं न बघता लिंबाच्या बुंध्याकडं तोंड करून उभी राहिली आणि बुंध्याला सांगितल्यासारखं बोलली.

"रुंद म्या मागाया लावला. त्यांची काय चुकी न्हाई. जुना चाकू झिजून दाभण झाला व्हता. त्येची चीर एवडी बारीक पडायची की भरून यायची. मागल्या साली आमची कोकरं बाजारात दुसऱ्याच्यात गेली आन आमाला दावाया कानाला खूणच न्हाई राहिली. म्हणून म्या म्हणलं, रुंद घ्या, चीर भरली न्हाई पाहिजे. दुसऱ्या बाजाराला मीच न्हाई न्हाई म्हणलं, अजून रुंद पाहिजे व्हता म्हणून. कळपाचं, कानाचं परक्याला सांगायचं नसतंय, नजर लागती. म्हणून ते चाकूवाल्याला असंच म्हणले."

 मग कारभारी स्वतः उठले, सखारामच्या कळपातली मागल्या सालची एक मेंढी धरली आणि तिचा डावा कान उन्हाकडं केला. मीही वाकून बघितलं. चीर भरत भरत ज्वारीच्या दाण्याएवढी उरली होती, तीही उजेड पलीकडं असला तरच दिसे. त्यांनी आणखी दोन मेंढ्यांचे कान बघितले आणि परत येऊन बसले.

मला इतकं चुटपुटल्यासारखं झालं. एवढंच होतं तर मला सांगायचं. कानासाठी हवा म्हणाले असते तर मी मध्यम पात्याचा देऊ शकलो असतो, चीर भरली नसती आणि टोकाची पट्टीही शाबूत राहिली असती. पण हे मला आता सुचतं. तेव्हा त्यांनी कान म्हटलं असतं तरी मी रुंदच गळ्यात मारला असता असंही वाटतं, कारण छावणीचा माल पडून होता.

मारोती बहिणीकडं बघत होता. म्हणाला, "मंग अक्का, हे आदी कामून सांगितलं न्हाई?"

"तू इचारलंस का?" ती अजून बुंध्याकडंच बघत होती. "तू सरळ पंच बोलावलेस. दाजीच्या घरी येऊन भाकर खाल्ली असती तर सांगितलं असतं. मला कोकरं नकोत, मारोती. समदी ने. पण ह्येंला चोर म्हणू नको. येवढी कोकरं नेलीस तरी मी पंचमीला म्हायेरी येईन. त्यो शबुद ठेवलास तर न्हाई येनार."

मारोतीच्या भावकीतला एक जण काहीतरी म्हणायला गेला. मारोतीनं त्याला हातानं खाली बसवलं आणि पंचांकडं वळला. "कोकरं कोनाची त्ये मला कळंना, कारभारी. खरंच कळंना. आदी वाटत व्हतं कळतंय. पर दाजी चोर न्हाई, हे मला म्हाईत हाय. अक्काचं न्हवऱ्यावर लय ध्यान हाय, तिला चुकवून त्यो काय करनार."

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. कारभाऱ्यांनी मग फैसला दिला: फाटक्या कानाची कोकरं दोघांत निम्मी. आधी बहिणीनं एक निवडायचं, मग भावानं, मग पुन्हा बहिणीनं, असं करत संपवायची. पुढल्या पाडव्यापासून सखारामनं खूण उजव्या कानाला करायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, सुटलो, आता जेवून गाडी गाठावी.

जाळीचं एक टोक उघडलं. गयाबाई आत गेली, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मागच्या पायानं लंगडणारं एक कोकरू उचलून नवऱ्याच्या पायाशी ठेवलं. मला वाटलं, बाई घाबरलीय, तिला दिसलं नसेल. मग मारोती आत गेला. त्यानं खरजेनं केस गेलेलं एक हाडकुळं कोकरू उचललं. पुन्हा गयाबाई गेली आणि एका डोळ्यात वडस असलेलं घेऊन आली. मारोतीनं पोट खपाटीला गेलेलं घेतलं. मी आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडं बघत होतो. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते. जनावरं निवडताना माणसाच्या तोंडावर जसा विचार असतो तसाच दोघांच्या तोंडावर होता, फक्त उलटा.

असं करत करत लंगडी, खरजुली, मरतुकडी सगळी संपली. जाळीत उरली ती तेवढी गुबगुबीत, काळ्याशार लोकरीची, बाजारात नेली तर हातोहात जातील अशी. गयाबाईची पाळी होती. ती पुढं सरेना. कारभारी म्हणाले, "घे की बाई."

"आमच्याकडं चारा कमी हाय यंदा," ती म्हणाली. "मारोतीला घेऊ द्या."

"मपल्याकडं तर गडीबी न्हाई," मारोती म्हणाला. "दाजीकडं ऱ्हाऊ द्या."

कारभारी तापले. "न्हाई म्हणायला कुनी इथं बोलावलं व्हतं का तुमाला? समद्या पंचाला दिवसभर उन्हात बशिवलं. आता ह्येंला मी घरी नेऊ का?"

माझ्या साक्षीनंतर सखाराम एकच शब्द बोलला होता, 'व्हय'. तो आता उठला. त्यानं कमरेचा चाकू काढला, उघडला आणि जाळीच्या राहिलेल्या गाठी कापून टाकल्या. जाळी खाली पडली. "चिंचंच्या बनाकडं पानी हाय," तो मेव्हण्याला म्हणाला. "दोन्ही कळप एका जागी बसवू यंदा. तुजा गडी न्हाई, मला ताप हाय. म्हंजी झालं."

 मारोतीनं खाली वाकून दाजीच्या पायांना हात लावला, आणि उठताना त्याचे डोळे भरले होते. गयाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि सगळ्यांवर खेकसली की ऊन उतरायच्या आत निघायचं का नाही.

मी देवळाच्या ओट्यावर पेटी घेऊन उभा राहिलो. दोन्हीकडची मेंढरं एका वाटेनं गोदेकडं निघाली होती, लंगडी मागं, गुबगुबीत पुढं, फाटक्या कानांची सगळी एकमेकांत. मी उगाच निरखून बघत होतो, यातलं सखारामचं कुठलं आणि मारोतीचं कुठलं. मला काही ओळखता येईना. आता मला ते कुणी विचारतही नव्हतं.